तपासलेल्या तीन वह्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या इंग्रजीच्या क्लासला येणाऱ्यांच्या वह्या मी तपासायचो, पण वाचायचो नाही. तांबड्या पेनानं पानभर एक लांब खूण ओढायची, खाली सही, तारीख, की पुढची वही. सोळा वर्षं हे केलं. बहुतेकांचं त्यामुळं काही बिघडलं नसावं असं मी धरून चालतो. एकीचं बिघडलं. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

आधी ही सवय कुठून लागली ते सांगतो. सबब म्हणून नाही. सकाळी मी शाळेत शिकवतो. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, अशा चार तुकड्या. तपासणीला साहेब यायच्या आधी सगळ्या वह्यांवर खुणा हव्यात. साहेब वाचत नाहीत, हेडमास्तर वाचत नाहीत, ते पानं उलटून खूण आहे का एवढंच बघतात. मग स्टाफरूममध्ये गठ्ठे समोर घेऊन आम्ही ओळीनं बसायचो. तोंडानं कुणाच्या तरी बदलीची चर्चा आणि हात आपला चालू. एक जुने मास्तर तर डाव्या हातात चहा धरून पन्नास वह्या संपवायचे. मी नवा होतो तेव्हा एकदा निबंधातली चूक दिसली म्हणून थांबलो, तर ते म्हणाले, "वाचत बसलास तर हितंच रिटायर होशील बाबा." सगळे हसले. मीही हसलो, आणि शिकलो.

त्या खुणेला घरी मात्र केवढा मान. आईबापांना इंग्रजी येत नसतं. ते वही उघडतात आणि तांबडं दिसलं की समाधानानं मिटतात. परीक्षा जवळ आली की मुलं एकमेकांकडे पुस्तक मागत नाहीत, तपासलेली वही मागतात. खूण असलेलं पान म्हणजे पाठ करायचं पान. आमच्याकडे अभ्यास असाच होतो, माझाही असाच झाला.

क्लास सोलापूरच्या साखर पेठेत होता, टॉवेलच्या एका दुकानाच्या माडीवर. संध्याकाळी पाच ते साडेसहा. वर्षाचे आठ महिने पत्र्याखाली भट्टी. एका गाइडमधून मी शिकवायचो. आधी फळ्यावर दहा चुकीची वाक्यं, ती एकेकानं उठून दुरुस्त करायची. मग मधे रेघ मारून डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. रोज पाच वाक्प्रचार. घरी जाऊन प्रत्येकाचा आपल्या मनानं वाक्यात उपयोग करून आणायचा. दुरुस्तीच्या वाक्यांची उत्तरं गाइडच्या मागच्या पानांवर होती, ती मी आदल्या दिवशी बघून यायचो. मुलांनी आपल्या मनानं केलेल्या वाक्यांची उत्तरं गाइडमध्ये नव्हती.

इथं दुसरी गोष्ट कबूल करायला पाहिजे. मी ती वाक्यं सवयीमुळं वाचत नव्हतो असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. मला ती कळायची नाहीत. मी मोडनिंबकडच्या खेड्यातला. इंग्रजी मी गाइडं पाठ करून शिकलो, एम. ए. बाहेरून केलं. छापील चूक मला ओळखता यायची, कारण ती मी आधी पाहिलेली असायची. पण एखाद्यानं आपल्या घरातलं, दुकानातलं काही स्वतःच्या शब्दांत लिहिलं की ते बरोबर की चूक, हे मला खात्रीनं सांगता यायचं नाही. कुणाला विचारायचं तर सगळ्या साखर पेठेत झालं असतं, की सरांनाच येत नाही. खूण ओढली की प्रश्न मिटायचा.

ती आली तेव्हा तिशीच्या अलीकडे होती. एका खासगी दवाखान्यात नर्स, म्हणून वर्गात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही. मूळची दुधनीची. घरी कानडी, बाजारात मराठी. आठवडाभर दवाखान्याच्या खोलीवर राहायची आणि सुट्टीला रेल्वेनं गावी जायची. पहिल्याच दिवशी "माझा वही कुठं ठेवू, सर?" म्हणाली आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. ती रागावली नाही. म्हणाली, "आमचं मराठीच निम्मं उसनं हाय, आता त्यात इंग्रजी." त्या दिवसापासून तिला कुणी हसलं नाही.

तिला परदेशी जायचं होतं. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी आखाती देशातल्या दवाखान्यांत लागल्या होत्या. पगाराचं ती फारसं बोलायची नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, तिकडं एका नर्सला चारच पेशंट असतात. इथं तिच्याकडे एका पाळीत तीस-तीस. "चारच असले तर नावानं हाक मारता येती की, सर. हितं मी चार नंबर, नऊ नंबर म्हणती." मुलाखत इंग्रजीत व्हायची. बाकी सगळे कागद तिच्याकडे तयार होते. इंग्रजी बोलणं तेवढं नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी इतकी वर्षं शिकवलं, पण तिच्याएवढं मन लावून कुणी केलं नाही. पहाटेची ड्यूटी करून दुपारी लिहायची. रोज दोन-दोन पानं, बारीक गोल अक्षर, समास सोडून. दीड वर्षात दोनशे पानी तीन वह्या भरल्या. बाकीची मुलं सूर्य पूर्वेला उगवतो छापाची वाक्यं करायची. तिनं आपला वॉर्ड लिहून काढला होता. सलाइन संपलेला पेशंट, भांडणारे नातेवाईक, पहाटे चहा मागणारा म्हातारा, सगळं वाक्प्रचार घालून. हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की हिची पानं भरगच्च असतात, कारण खूण लांब ओढावी लागायची.

मी खूण केलेलं ती पाठ करायची. एकूण एक. रेल्वेत, खोलीवर, जिन्यात. आपणच केलेली वाक्यं, पण सरांनी बरोबर म्हटलेली.

पहिली मुलाखत पुण्याला एका हॉटेलात होती. ती जाऊन आली त्या दिवशी आमच्या भागात पाणी सुटलं होतं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी क्लासला कुणी येत नाही. मी एकटाच फळा पुसत होतो. ती वर आली, बाकावर बसली, पिशवी मांडीवर. मी विचारायच्या आधीच म्हणाली, न्हाय झालं, सर.

मग सगळं सांगितलं. समोर दोघं होते, एक वयस्क परदेशी मेट्रन, म्हणजे नर्सांची प्रमुख, आणि एक आपल्याकडचे गृहस्थ. सुरुवात चांगली झाली. मग मेट्रननं विचारलं, तुझ्या आठवणीत राहिलेल्या एखाद्या पेशंटबद्दल सांग. तिनं चार नंबरच्या अव्वांबद्दल सांगितलं. कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ती अव्वाच म्हणायची, कानडीतली आई. या अव्वांना भेटायला कुणी येत नव्हतं. ही रोज पाळी संपल्यावर त्यांची वेणी घालायची. मेट्रननं पेन खाली ठेवलं होतं आणि ती ऐकत होती. शेवटच्या सकाळी अव्वांनी हिचा हात धरून ठेवला होता. ते सांगून हिनं शेवटी वहीतलं वाक्य म्हटलं, बाइट द डस्ट घातलेलं.

"मॅडमनी एकदम वर बघितलं. त्ये दुसरे सर कागदात बघून हसले. मॅडम म्हणल्या, परत सांग. मला वाटलं ऐकू गेलं नसंल. मी मोठ्यानं सांगितलं." तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली. "मग मॅडमनी फाइल मिटली. कुणी शिकवलं म्हणून विचारलं."

मी विचारलं, मग काय सांगितलंत?

"कुणी न्हाय म्हटलं. घरीच शिकले म्हटलं. तुमचं नाव उगंच कशाला घ्यायचं?"

तिनं वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. भरगच्च ओळी, त्यांवरून गेलेली माझी लांब तांबडी खूण, खाली सही. चौथं वाक्य ते होतं. "सर, ह्ये बरोबर हाय का?" तिनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही.

मी ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा वाचलं. काहीतरी चुकलंय हे मला तिच्या सांगण्यावरूनच कळलं होतं. काय ते कळत नव्हतं. फळ्यावर त्या वाक्प्रचारासमोर मरण पावणे हा अर्थ मीच लिहिला होता, गाइडमध्ये तसाच होता. बघतो, उद्या सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती खूण तिथं होती, ती सही माझी होती. मी म्हणालो, "वाक्य बरोबर आहे, सिस्टर. मी खूण केलीय ना. तुमच्या कानडी वळणानं उच्चार चुकला असणार."

तिनं मान हलवली. "तसंच असंल. जीभ जड हाय आमची." वही पिशवीत घातली आणि स्टेशनकडे गेली. सुट्टी होती, दुधनीला जायचं होतं.

ती गेल्यावर मी कपाटातला मोठा शब्दकोश काढला. शिक्षकदिनाला वर्गानं दिलेला होता, वरचा प्लॅस्टिकचा कागदही काढला नव्हता. तो फाडला. बाइट द डस्ट सापडायला दोन मिनिटं लागली. अर्थ मरणे हा होताच, पण पुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, बोलीत, थट्टेनं.

आपल्या भाषेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आजी वारल्या, आजी गेल्या, देवाघरी गेल्या. आणि खपली, गचकली. अर्थ एकच, पण कुठला शब्द कुणाच्या दारात बोलायचा हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मी दोन रकाने आखून अर्थ तेवढा दिला आणि हे दिलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. जिची तिनं रोज वेणी घातली, त्या बाईबद्दल ती परक्या माणसांसमोर म्हातारी गचकली असं म्हणून आली होती. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

तिची गाडी सुटायला पाऊण तास होता. साखर पेठेतून स्टेशन रिक्षानं दहा मिनिटं. हे मी तेव्हा मनात मोजलं, म्हणून इतकं आठवतं. शब्दकोश कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि घरी गेलो. पाणी आलेलं होतं. पिंपं भरली.

पुढचं सांगायला मला जास्त जड जातंय.

तिनं दुसऱ्या वर्षी पुन्हा नाव घातलं. तिच्या वयाला बसणारी ती शेवटची संधी होती, त्यानंतर त्या जागांसाठी अर्ज करता येणार नव्हता. ती म्हणाली, सर, या वेळी उच्चार पक्का करून घ्या. चार महिने ती क्लास सुटल्यावर अर्धा तास थांबायची. ती वाक्यं म्हणायची, मी थांबवायचो, ओठ असे करा, जीभ इथं लावा. मला तरी कुठं येत होते ते उच्चार? तरी मी सांगत होतो. त्या एका वाक्यावर आम्ही कितीदा आलो असू. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं. एकदा आडवळणानं प्रयत्नही केला. म्हटलं, सिस्टर, हे जरा जुनं झालं, दुसऱ्या कुठल्या पेशंटबद्दल बोला की.

ती म्हणाली, "न्हाय सर, ह्येच सांगणार. बाकीचं मी अभ्यासाला म्हणून लिवलंय, ह्ये खरं झालेलं हाय." मग मोठं हसून, "आणि तुमीच बरोबर म्हटलाय की."

तिथं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर गेल्या वर्षीही मला माहीत होतं, हे सांगावं लागलं असतं. स्टेशन दहा मिनिटांवर होतं, हेही. मी म्हणालो, बरं, म्हणा पुन्हा. आणि तिनं म्हटलं. शेवटी शेवटी ती ते इतकं स्वच्छ म्हणायला लागली होती की खालच्या दुकानातल्या गड्यालाही शब्दन् शब्द ऐकू जात असेल.

दुसऱ्या मुलाखतीचं तिनं फार सांगितलं नाही. माणसं वेगळी होती, बाकी तसंच झालं. या वेळी उच्चार चुकला नव्हता हे तिलाही कळत होतं, त्यामुळं दोष टाकायला तिच्याकडे काही राहिलं नव्हतं. म्हणाली, "डोक्यातच न्हाय वाटतं माझ्या. तुमी तर लई मेहनत घेतली." मी म्हणालो, इंग्रजी सगळ्यांनाच येतं असं नाही, वाईट वाटून घेऊ नका. हे मी तिला म्हणालो. जाताना तिनं घरची शेंगाची चटणी दिली, अर्धा किलो तरी असेल. आम्ही ती महिनाभर खाल्ली. चांगली होती, असं बायको अजून म्हणते.

त्यानंतर ती क्लासला आली नाही. मी मात्र चालवत राहिलो. खुणाही तशाच करत राहिलो, हेही लिहून ठेवतो, नाहीतर त्या दिवसापासून मी सुधारलो असा समज व्हायचा. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, त्यातच इंग्रजी शिकता यायला लागलं, वर्गात चार मुलं उरली आणि क्लास बंद पडला. मी बंद केला नाही.

गेल्या वर्षी माझ्या आईला दम लागायला लागला म्हणून सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं. वॉर्डात शिरलो तर टेबलाशी ती. केस पिकले होते, चष्मा लागला होता, आता वॉर्डाची मुख्य होती. दहा-अकरा वर्षांनी भेटत होतो. ती उठून उभी राहिली. वर्गात मी आलो की उभी राहायची तशी. "सर, तुमी? आणि ह्या कोण, अव्वा?"

आई तिथं नऊ दिवस होती. तिच्या हाताखाली आता मुली होत्या, पण आईचं ती स्वतः बघायची. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर ती आईची वेणी घालत होती. आई म्हणाली, "ही तुझी इद्यार्थिन हाय व्हय? लई गुणाची हाय. चांगलं शिकिवलंस बाबा." मी डबा उघडत राहिलो. ती म्हणाली, व्हय अव्वा, सरांनी लई केलं माझ्यासाठी.

बाराव्या नंबरच्या खाटेवर, भर दुपारी, आई गेली. मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. माझ्या हातातली पिशवी तिनं घेतली. "बसा जरा, सर," म्हणाली. मी बसलो. तीही शेजारी बसली, घाई केली नाही.

"अव्वा गेल्या, सर. मी जवळच होते. हात धरला होता त्यांनी. त्रास झाला न्हाय."

इतकंच. त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं मला रडू येत नाहीये, म्हणून तिनं पाणी आणून दिलं. मला त्या वेळी आईचं सुचत नव्हतं. पुण्याच्या त्या हॉटेलात हिनं हेच सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढंच डोक्यात होतं.

तेव्हाही सांगितलं नाही. आई समोर होती, पुढची सगळी धावपळ होती, कारणं खरी होती. कागदांवर सह्या करून निघताना ती दारापर्यंत आली. मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाली, "तुमच्या त्या तिन्ही वह्या जपून ठेवल्यात मी. भाची आता दहावीला हाय, दुधनीला. तिला दिल्या. म्हटलं, सरांनी तपासलेल्या हाईत, डोळं झाकून पाठ कर."

मी म्हणालो, बरं केलंत.

त्याला आता आठ महिने झाले. भाचीची परीक्षा होऊन गेली असेल. दुधनीला जायला रेल्वे आहे, एसटी आहे. वेळ आहे, शाळेला सुट्ट्या असतात. दोनदा स्टेशनपर्यंत गेलो, एकदा तिकीटही काढलं. तिथं जाऊन दहावीच्या मुलीकडे मावशीच्या वह्या मागायच्या म्हणजे कशाला ते सांगावं लागणार, आणि मुलगी मावशीला सांगणार. हे सगळं लिहिल्यावर तरी मी जाईन का, मला माहीत नाही. आजवरचा माझा अनुभव बघता जाणार नाही असंच वाटतं. आणि गेलो तरी तिचं वय परत येत नाही. तिशी-चाळिशीतली ती वर्षं तीस-तीस खाटांमध्ये गेली ती गेली, आणि आपल्या डोक्यातच नव्हतं असं धरून ती जगली.

तरी मी तिचं काय देणं लागतो ते लिहून ठेवतो. त्या तीन वह्या पहिल्या पानापासून वाचायच्या आहेत, शब्दकोश शेजारी घेऊन, आणि जे मला कळणार नाही तिथं कळत नाही असं लिहायचं आहे. आणि तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की तुमचं डोकं चांगलं होतं, जीभही चांगली होती, मी वाचलं नव्हतं, आणि नंतर मला माहीत होतं. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.